गाणं शिकायला राहायचं कुठं? अंतेवासी ते विशारद

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन सांभाळण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मधे मधे जे 'अं' आणि 'म्हणजे' झालं ते गाळलंय. बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

मी कोंडाण्याचा. सिंहगडवाला कोंढाणा नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. आमचं कोंडाणे कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धबधब्याखाली फोटो काढायला येतात ती कोंडाणे लेणी इथलीच. फोटोत धबधबा येतो, मागचं चैत्यगृहही येतं. चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणाऱ्या जोड्या कोरल्यात, त्याही कधीमधी येतात. पण चैत्याच्या डाव्या अंगाला एका यक्षाचा भंगलेला पुतळा आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आता त्याचं डोकंच काय ते नीट दिसतं, आणि त्या डोक्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे.

ती ओळ अशी: 'कन्हस अंतेवासिना बलकेन कतं'. भाषा प्राकृत, काळ दोन हजार वर्षांपेक्षा जुना. अर्थ सरळ आहे. कन्ह, म्हणजे कृष्ण, त्याचा अंतेवासी जो बलक, त्याने केलं. बस. राजाचं नाव नाही, दान किती दिलं ते नाही. आपल्या कामावर सही करताना या माणसाने आपल्या नावाच्या आधी गुरूचं नाव घातलं. स्वतःची ओळख काय, तर मी अमक्याचा विद्यार्थी.

आणि विद्यार्थी यासाठी त्याने वापरलेला शब्द बघा. अंतेवासी. 'अंते' म्हणजे जवळ, 'वासी' म्हणजे राहणारा. जो गुरूच्या जवळ राहतो तो विद्यार्थी. शिकण्याची व्याख्याच राहण्यावरून केलेली. हा शब्द बौद्ध भिक्खूंच्या शिष्यांसाठी वापरायचे आणि कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांसाठीसुद्धा. बलक यातला कुठला, यावर अभ्यासकांची दोन मतं होऊ शकतात.

कारागिराच्या अंतेवासीबद्दल याज्ञवल्क्यस्मृतीत आणि नारदस्मृतीत चक्क नियम दिलेत. आपल्या भाषेत सांगायचं तर टर्म्स अँड कंडिशन्स. मुलाने किती काळ राहायचं ते आधी ठरवायचं. गुरूने त्याला घरी ठेवून जेवण द्यायचं, शिकवायचं, मुलासारखं वागवायचं. पण मुदतीच्या आधी पोरगं शिकून तयार झालं तरी त्याने मुदत पुरी करायची, आणि तेवढ्या काळात त्याच्या कामातून जी कमाई होईल ती गुरूची. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बॉण्ड होता. तीन महिने ट्रेनिंग, मग सोडून गेलात तर ट्रेनिंगचे पैसे भरा. तर ही कल्पना काही बंगलोरला जन्मली नाही.

आज आपण बोलणार आहोत गाण्याच्या विद्यालयांबद्दल. तिथं मुलं कशी शिकायची, राहायची कुठं, त्यांचा खर्च कोण करायचं. हा अंतेवासी शब्द आणि त्याच्याबरोबरचा करार, दोन्ही डोक्यात ठेवा. पुढं लागणार आहेत.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ख्याल शिकायचा तर एकच वाट होती. उस्तादाच्या किंवा बुवांच्या घरी जाऊन पडायचं. तिथं अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, फी नाही. पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूच्या मनात आलं की शिकायचं. गुरूच्या मनात आलं नाही तर? मग नाही. विद्या घराण्याची इस्टेट होती. खास बंदिशी मुलाला, जावयाला, फार फार तर एखाद्या लाडक्या शिष्याला.

महाराष्ट्रात ग्वाल्हेरची गायकी ज्यांनी आणली त्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं उदाहरण घ्या. शिकायला म्हणून हा माणूस मध्य हिंदुस्थानापर्यंत गेला. धारला देवजीबुवांकडे राहिले. तिथं गुरूंच्या घरातच पटेनासं झालं आणि बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. नंतर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे त्यांचं शिक्षण झालं. विचार करा, तुमची सगळी विद्या एका घराच्या मूडवर अवलंबून. आज भांडण झालं, उद्या सामान रस्त्यावर.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला 'संगीताची शाळा' ही कल्पना हळूहळू आकार घेत होती. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी गायन उत्तेजक मंडळी काढली. पुण्यात १८७४ साली पूना गायन समाज निघाला. आणि बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती, क्रमिक पुस्तकं काढली होती. त्यांचा मुलगा अलाउद्दीन पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आला. मौलाबक्षांची ती गायनशाळा म्हणजे आजची बडोदा विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी.

युरोपात अशा शाळेला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. शब्द भारी वाटतो, पण त्याचं मूळ इटलीतल्या नेपल्सच्या अनाथाश्रमांत आहे. सोळाव्या शतकात तिथं 'कॉन्झर्व्हेतोरिओ' म्हणजे अनाथ, गरीब पोरांना सांभाळायची, जपून ठेवायची जागा. पोरांना काहीतरी हुनर हवं म्हणून संगीत शिकवायला लागले. ती चर्चमध्ये, मिरवणुकीत गायची आणि त्या कमाईवर आश्रम चालायला मदत व्हायची. मग संगीतच मुख्य झालं. १७९५ मध्ये पॅरिसला सरकारने कॉन्झर्व्हेटरी काढली तेव्हा शब्दातला अनाथाश्रम गळून पडला. तर तिकडचीही सुरुवात राहण्या-जेवण्यापासूनच.

आता मुख्य माणूस. विष्णू दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाड. घरात कीर्तन. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा संपली. अशा मुलाने करायचं काय, तर गाणं. मिरजेच्या संस्थानिकांनी सोय केली आणि मुलगा मिरजेत याच बाळकृष्णबुवांकडे शिकायला लागला. साधारण आठ-नऊ वर्षं शिकला. अंतेवासी म्हणून शिकण्यातलं जे जे चांगलं आणि जे जे कठीण, ते सगळं त्याने भोगलं.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. का सोडली याची एक गोष्ट सांगतात. मिरजेत एक समारंभ होता, त्याचं निमंत्रण विष्णू दिगंबरांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही. चौकशी केली तर कळलं की बुवांना कशाला बोलवायचं, ते तर गवई. म्हणजे गाणं ऐकायला बुवा हवेत, पण शेजारी बसायला नकोत. हा अपमान त्यांच्या डोक्यात कायमचा बसला असं म्हणतात. पुढचं त्यांचं सगळं आयुष्य बघितलं तर मला ती गोष्ट पटते. या माणसाला नुसतं गाणं शिकवायचं नव्हतं, गवयाला समाजात खुर्ची मिळवून द्यायची होती.

मग ते फिरले. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, उत्तर हिंदुस्थान. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबारात बोलावणं येण्याची वाट बघायच्या जमान्यात हे धाडसच. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

लाहोर! कुरुंदवाडचा, नीट दिसत नसलेला, तिशीसुद्धा न गाठलेला माणूस पंजाबात जाऊन शाळा काढतो. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही म्हणतात. ते ठरल्या वेळी शाळा उघडून स्वतः रियाज करत बसायचे. आजच्या भाषेत, युजर शून्य आणि सर्व्हर मात्र चोवीस तास चालू. हळूहळू मुलं यायला लागली. पुढे बायकांसाठी वेगळे वर्गसुद्धा निघाले. त्या काळात घरंदाज बाईने गाणं शिकणं म्हणजे काय समजलं जायचं हे तुम्हाला सांगायला नको.

या शाळेत नवीन काय होतं? पहिलं म्हणजे वेळापत्रक. दुसरं, इयत्ता. तिसरं, परीक्षा आणि पदवी. चौथं, पुस्तकं. 'संगीत बालप्रकाश', 'महिला संगीत', 'रागप्रवेश' अशी क्रमिक पुस्तकं त्यांनी स्वतःच्या स्वरलिपीत काढली, त्यासाठी छापखाना चालवला, मासिक काढलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या डोळ्यांनी बघितलं तर घराण्यांचा सगळा कोड बंद पेटीत होता आणि या माणसाने त्याचं डॉक्युमेंटेशन लिहून चार आण्या-आठ आण्यांच्या पुस्तकांसारखं बाजारात आणलं. आता डॉक्युमेंटेशन वाचून कुणी गवई होत नाही, हेही खरं. पुस्तकात 'ग म रे सा' लिहिता येतं, गौडसारंगात तो रिषभ कसा घ्यायचा ते लिहिता येत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कमी बोललं जातं. शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी होते. एक फी भरून तासाला येणारे. आले, शिकले, घरी गेले. दुसरे उपदेशक वर्गाचे. ही बहुतेक गरीब घरची, गळा असलेली पोरं. ती विद्यालयातच राहायची. जेवण, कपडे, शिक्षण सगळं फुकट. त्याच्या बदल्यात नऊ वर्षांचा करार. या नऊ वर्षांत शिकायचं, खालच्या वर्गांना शिकवायचं, पलुस्करांच्या जलशांत साथीला बसायचं, पडेल ते काम करायचं आणि नंतर बाहेर पडून संगीताचा प्रचार करायचा.

आलं ना लक्षात? याज्ञवल्क्यस्मृतीतला अंतेवासी. मुदत ठरलेली, जेवण गुरूचं, मेहनतीचं फळ संस्थेचं. म्हणजे पलुस्करांनी गुरूचं घर मोडून शाळा बांधली असं आपण शिकतो, पण शाळेच्या पोटात त्यांनी गुरूचं घर तसंच ठेवलं होतं. एवढा फरक केला की लहरीच्या जागी नियम आणले. किती वर्षं, काय शिकणार, काय मिळणार हे आधी कागदावर. देवजीबुवांच्या घरात बाळकृष्णबुवांचं जे झालं ते इथं होणार नव्हतं.

शिस्त मात्र कडक. पहाटे उठणं, खर्जाचा रियाज, प्रार्थना, वर्ग, पुन्हा रियाज. व्यसन चालणार नाही, गबाळेपणा चालणार नाही. 'गवई म्हणजे व्यसनी' हा शिक्का पुसायचा होता. बंदिशींमधले शृंगारिक शब्द काढून त्यांनी भक्तिपर शब्द घातले. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. या शुद्धीकरणात एक गोष्ट हरवली. ज्या मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांच्यासाठी या नव्या, प्रार्थनेने सुरू होणाऱ्या वर्गात जागा फार थोडी होती. खुद्द ग्वाल्हेर गायकीचं मूळ हद्दू खाँ-हस्सू खाँपर्यंत जातं, आणि वासुदेवबुवा त्याच तालमीतले. पलुस्करांनी गवयाला खुर्ची मिळवून दिली हे खरं, पण ती सगळ्या गवयांना सारखी मिळाली नाही.

त्याच काळात पुण्यात वेगळी चित्रंही होती. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकलेले. त्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, जो आजही पुण्यात चालू आहे. किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. उस्ताद मुसलमान, शाळेचं नाव आर्य, शिकणारी बरीच पोरं मराठी हिंदू घरांतली, आणि राहायची शाळेतच. इतिहास आपल्या सोयीच्या कप्प्यात बसत नाही, बघा.

१९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईला शाखा काढली. मग स्वतःची इमारत हवी म्हणून सँडहर्स्ट रोडला जागा घेतली. सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. कर्जतकरांना हे नाव स्टेशनमुळे माहीत आहे. आपली फास्ट लोकल तिथं थांबत नाही, भायखळ्यानंतर खिडकीतून नुसती पाटी दिसते. मोठी वास्तू उभी राहिली, वर्गखोल्या, राहायची सोय. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

पण ही वास्तू कर्जावर उभी होती. कर्ज फेडायला पलुस्कर गावोगाव जलसे करत फिरायचे. राहणाऱ्या पोरांचा खर्च, शिक्षकांचे पगार, व्याज. फी भरणाऱ्यांच्या पैशांत हे बसत नव्हतं. एक माणूस गाऊन किती पैसे उभे करणार? उत्तरोत्तर त्यांचं मन रामभक्तीकडे वळलं, दौरे कमी झाले, आणि १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. तंबोरे, पुस्तकं, वर्ग, सगळं विस्कटलं. पलुस्कर नाशिकला आपल्या रामनाम आधार आश्रमात राहायला गेले. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचा मृत्यू झाला. जिथं शिकले तिथंच.

आता हिशेब मांडा. स्टार्टअप म्हणून बघितलं तर हे सरळ बुडालेलं प्रकरण आहे. ऑफिस गेलं, संस्थापक गेला. पण त्या नऊ वर्षांच्या करारावर राहिलेली पोरं बाहेर होती.

ओंकारनाथ ठाकूर. घरची हलाखी, एका पारशी शेटजींच्या मदतीने मुंबईच्या विद्यालयात आले. १९१६ मध्ये, विशीही पुरी झालेली नसताना, गुरूंनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचं प्रमुख करून पाठवलं. १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय सुरू झालं तेव्हा पहिले प्रमुख तेच. विनायकबुवा पटवर्धन. आधी बालगंधर्वांच्या कंपनीत नट-गायक, मग ८ मे १९३२ ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय. नारायणराव व्यास, ज्यांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजायच्या. त्यांचे भाऊ शंकरराव व्यास, 'रामराज्य' या १९४३ च्या सिनेमाचे संगीतकार. बी. आर. देवधर, ज्यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. इमारत लिलावात गेली त्याच्या आसपासच हे शिष्य स्वतःच्या शाळा काढत होते.

पलुस्करांना लोक विचारायचे म्हणे, तुमच्या शाळेतून तानसेन किती निघाले? त्यावर ते म्हणायचे की मला तानसेन नाही, कानसेन तयार करायचेत. म्हणजे चांगले ऐकणारे. हे वाक्य आपल्याकडे इतकं वापरलं गेलंय की गुळगुळीत झालंय. पण त्यांच्याच शाळेकडे बघा. फी भरणाऱ्या वर्गांतून कानसेन निघाले आणि राहणाऱ्या पोरांतून गवई. दोन दारं, दोन निकाल.

गुरूंच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. त्यातून आल्या आपल्या ओळखीच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. पुढं अलंकार. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी यातली एखादी तरी दिली असणार. मंडळाची वाशीला मोठी वास्तू आहे, येता-जाता बघितली असेल.

मी मध्यमा पूर्णपर्यंत पोचलो आणि मग इंजिनिअरिंग लागलं. आमच्या बाईंचा क्लास कर्जतला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. आठवड्यातून दोन तास. कोंडाण्याहून जायला-यायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा शिकणं कमी व्हायचं. परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक यायचे, आम्ही वीस-पंचवीस पोरं जिन्यात रांग लावून बसायचो, आणि आतून प्रत्येकाचा तोच भूप तोच यमन ऐकू यायचा. एकीला आलाप येईना, ती रडत बाहेर आली, बाईंनी तिला पाणी दिलं आणि पुन्हा आत पाठवलं. आता दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे केवळ गुणांसाठी येणारीही पोरं असतात. त्यांची थट्टा करायची फॅशन आहे. मला नाही करावीशी वाटत. १९०० साली आमच्या गावच्या पोराला भूप कुणी शिकवला असता? त्याला कुठल्या बुवांच्या दारात उभं केलं असतं? आणि मुलीला? गुरूच्या घरी जाऊन राहणं मुलीला शक्य नव्हतंच. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेला अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली ती मोठा नजराणा, दरमहा ठरलेली रक्कम आणि वर्षानुवर्षांचा करार एवढं सगळं जमल्यावर. सामान्य घरातल्या मुलीला ते कुठून जमणार? तिच्यासाठी तळमजल्यावरचा तो क्लास हेच दार होतं, आणि आजही आहे.

पण दुसरी बाजू टाळता येत नाही. शाळा आल्या, कॉलेजं आली, तरी ज्यांची नावं राहिली ते बहुतेक सगळे कुणाच्या तरी घरात राहिलेले निघतात.

भातखंड्यांचं उदाहरण. विष्णू नारायण भातखंडे, वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांचा पिंड पलुस्करांहून वेगळा. जलसे नाहीत, प्रार्थना नाहीत, शास्त्र आणि संग्रह. देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत छापली. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. पुढं तिथले प्राचार्य झाले मुंबईचेच श्रीकृष्ण रातंजनकर. हे अगदी आधुनिक कॉलेज, इयत्ता, परीक्षा, सगळं. आणि तिथला गाजलेला विद्यार्थी कोण, तर के. जी. गिंडे. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना रातंजनकरांबरोबर लखनौला गेला आणि त्यांच्याच घरी राहून वाढला. कॉलेजचा वर्ग संपल्यावर घरी जे कानावर पडायचं ते वेगळंच.

मुंबईत देवधरांच्या शाळेतही तेच. बेळगाव जिल्ह्यातलाच शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा, वय अकराच्या आसपास. देवधरांकडे आला, तिथंच राहिला, तिथंच वाढला. आपण त्याला कुमार गंधर्व म्हणतो. देवधरांची शाळा म्हणजे घराण्या-घराण्यांच्या गवयांचा अड्डा. कुणी गवई मुंबईत आला की तिथं चक्कर टाकणारच. तासाला येणाऱ्या विद्यार्थ्याला एक राग मिळायचा. तिथंच राहणाऱ्या मुलाला रात्रीच्या गप्पा मिळायच्या, कुठला गवई कुठल्या जागेवर का चिडला ते कळायचं, आणि दहा घराण्यांचे आवाज कानात साठायचे. त्याच्यासाठी कुणी वेगळा अभ्यासक्रम लिहिला नव्हता.

म्हणून मला तो वाद नेहमी अर्धवट वाटतो, गुरुकुल चांगलं की विद्यालय. पलुस्करांनी दोन्ही एका छपराखाली चालवून बघितलं. तासाचे विद्यार्थी फी भरायचे, राहणारे विद्यार्थी शाळेला उद्याचे शिक्षक द्यायचे. खर्चाचा भार मात्र राहणाऱ्यांचाच जास्त. इमारत लिलावात जाण्याचं ते एक कारण होतंच. पुढच्यांनी तासाचा भाग ठेवला कारण तो परवडतो. राहण्याचा भाग एकेका गुरूच्या घरावर, ऐपतीवर सोडला. आज यूट्यूबवर रातंजनकरांचं, कुमारांचं रेकॉर्डिंग फुकट आहे, तंबोऱ्याचं ॲप फुकट आहे, झूमवर गुरू भेटतो. डॉक्युमेंटेशन कधी नव्हतं इतकं मुबलक. ज्याची टंचाई बाळकृष्णबुवांच्या काळात होती त्याचीच आजही आहे. नऊ वर्षं कुणाच्या तरी जवळ राहायचं, आणि त्या नऊ वर्षांच्या जेवणाचे पैसे कुणीतरी भरायचे.

हे करून बघणारी मंडळी आहेत. कलकत्त्याला आयटीसीच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू आणि निवडलेले शिष्य एकाच आवारात राहतात, खर्च कंपनी उचलते. आणि आपल्या रायगडातच, खालापूरकडून पनवेलला जाताना पळस्पे लागतं ना, तिथं रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपद गुरुकुल उभं केलं. १९९० मध्ये ते गेले. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर तिथं शिकवतात. देशातून, परदेशातून शिष्य आले, येतात. बाहेर हायवेवर कंटेनरची रांग आणि आत कुणीतरी पहाटे एकच 'सा' लावून बसलेलं. मी कित्येक वेळा एसटीने तिथून गेलोय, आतमध्ये काय चालतं ते कळायला मात्र पंचविशी उलटावी लागली.

तुमच्यापैकी कुणी गुरूकडे राहून काही शिकलं असेल, गाणं, तबला, कीर्तन, सुतारकाम, काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा. किती वर्षं राहिलात, घरात काम काय पडायचं, खर्च कोण करायचं, एवढं नक्की सांगा. पुढच्या भागात आपण कर्जत-खोपोली रेल्वे आणि बोरघाटात खपलेल्या मजुरांबद्दल बोलू. तोवर, नमस्कार.